वहीची घोडी

नाना, तुम्ही आईच्या स्वयंपाकाच्या वहीसाठी केलेल्या लाकडी घोडीची नक्कल मी पंधरा दिवसांपूर्वी करायला घेतली आणि दांडा बसवून झाल्यावर जिन्याच्या पायरीवरच बसून राहिले. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, घोडी त्याहून जुनी आहे. तुम्हाला ती सांगायला नको, पण मला एकदा सगळं पहिल्यापासून आणि खरं लिहून काढायचं आहे, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही लिहिते. सागवानाची तिरपी फळी. खाली वही टेकायला पट्टी. वही उघडी राहावी म्हणून दोन्ही कडांना फिरत्या खिट्ट्या. पुढे दोन आखूड पाय आणि मागे हातभर लांब दांडा. तोच दांडा मागचा पाय. घोडी उचलायची ती त्या दांड्याचं टोक धरून, आणि खाली ठेवली की ती त्याच दांड्यावर टेकून उभी राहते. एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून, कुसू आणि पाचर मारून. पट्टीत एक खाच, खाचेत बांबूची काडी, काडीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. पानं उलटायला. जो बघतो तो म्हणतो, काय डोकं चाललंय माणसाचं. मीही तेच म्हणत आले.

धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती भुसावळहून आली, माझ्या स्वयंपाकघरात पाय वर घेऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आत्या, मला मिक्सर-बिक्सर काही देऊ नको. आजोबांनी आजीसाठी केली होती तशी घोडी दे, तुझ्या हातची. आणि आजीच्या वहीची झेरॉक्स." मी म्हटलं, झेरॉक्स कशाला, वहीच ने की. "बाबा म्हणाले, आत्या वही देणार नाही." "तुझा बाप मला कंजूष म्हणतो का?" "कंजूष नाही, मिस्तरी म्हणतो." आणि हसली. मी जळगावला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पण गच्चीवरच्या खोलीत तुमची हत्यारं आहेत, तुमचा शिकंजा आहे, रंधे आहेत, पटाश्या आहेत. सुट्टीच्या दिवशी मी तिथे असते. एवढं बरं सुतारकाम मला येतं ते तुमच्यामुळे, हे मान्य करायला मला काही अडचण नाही.

तिला माहीत असलेली गोष्ट अशी: आजीला वाकून वही वाचायला त्रास व्हायचा, पानांना तेलाचे हात लागायचे, म्हणून आजोबांनी शाळा सुटल्यावर तासन्‌तास बसून तिच्यासाठी ही घोडी केली. ही गोष्ट तिला मी सांगितली. तिच्या बापालाही मीच सांगितली, तो तेव्हा फार लहान होता, त्याला काही आठवत नाही. नवऱ्याला सांगितली. स्टाफरूममध्ये सांगितली. एका वर्षी महिला दिनाला कॉलेजात माइकवर सांगितली आणि शेवटी म्हणाले की घरातली समानता अशा लहान लहान गोष्टींतून सुरू होते. टाळ्या पडल्या. एका सहकारी बाईंनी डोळ्याला पदर लावला. खरी गोष्ट मी विसरले होते असं म्हणायची सोय नाही, नाना. विसरले नव्हते. सांगत नव्हते, इतकंच. आणि खरं न सांगता सांगता दुसरंच काहीतरी सांगायला लागले, ते सांगायला सोपं होतं आणि ऐकणाऱ्यालाही आवडायचं.

तर काम. कपाटावरून घोडी खाली काढली, पुसली, गुण्या लावून एकेक माप घेतलं. तुमचा सांधा आजही हलत नाही. लाकूड मी जुन्या दाराचं घेतलं, रंधून त्याची रेघ बाहेर काढली. दोन रविवार त्यात गेले. खोलीवर पत्रा आहे आणि जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे, सकाळी नऊनंतर घाम डोळ्यांत उतरतो, भुसा मानेला चिकटतो. पण हात चालत होते, बरं वाटत होतं. दुसऱ्या रविवारी दांडा बसवला, पाचर नुसती अडकवून बघितली आणि विचार केला, तोल येतो का ते वही ठेवून पाहावं. आईची वही लावली, खिट्ट्या फिरवल्या, दांड्याचं टोक धरलं आणि जिना उतरून स्वयंपाकघराकडे निघाले. दोन पायऱ्या उतरले आणि माझ्या लक्षात आलं की मी कशी चालते आहे. हात पूर्ण ताणलेला. अंग मागे झुकलेलं. डाव्या हाताने ओढणी आवळून धरलेली, वहीला लागू नये म्हणून. प्रयोगशाळेत तापलेलं भांडं आम्ही असं चिमट्यात धरून नेतो. मला कुणी सांगितलं नव्हतं असं चाल म्हणून. घरात दुसरं कुणी नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई स्वतःच्या घरात, आईच्या वहीपासून अंग चोरून जिना उतरत होती. मी तिथेच पायरीवर बसले.

धुळ्याचं घर. पुढे खोली, मधे स्वयंपाकघर, मागे फरशीचं अंगण, अंगणाच्या एका कडेला मोरी आणि दुसऱ्या कडेला तुमची पत्र्याची शेड. तुम्ही शाळेत सुतारकाम शिकवायचात आणि घरी शेडमध्ये स्वतःची कामं करायचात. महिन्यातले चार दिवस आई त्या शेडमध्ये बसायची. कावळा शिवला की घोंगडी, तांब्या आणि ताट घेऊन ती अंगण ओलांडून जायची, आणि पाचव्या दिवशी सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायची. गल्लीत तोवर पुष्कळ घरांनी हे सोडलं होतं. माझी आजी तेव्हा हयात नव्हती, सासुरवासाचा प्रश्न नव्हता. पाळायचात तुम्ही. खादीचा शर्ट घालणारे, कधी आवाज न चढवणारे, शाळेत सर्व जातींच्या मुलांच्या पाठीवरून हात फिरवणारे तुम्ही. आणि तुमचे नियम होते. कापड विटाळतं. कागद विटाळतो. धातू धुतला की चालतो. कोरडं लाकूड विटाळत नाही. हा शेवटचा नियम कुठला, मी पुढे कित्येक जुन्या बायकांना विचारलं, प्रत्येकीने वेगळं सांगितलं. मला आता वाटतं, तो नियम एवढ्यासाठी होता की आई तुमच्या लाकडांमध्ये बसायची आणि पाचव्या दिवशी तुम्हाला सगळी लाकडं धुवावी लागली असती. हा अन्याय्य तर्क असेल. पण तो मनात येतो आणि जात नाही.

मी अकरा वर्षांची झाले तेव्हापासून ते चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे. त्यासाठीच आईने वही धरली. तुमच्या शाळेच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं दाभणाने शिवून तिने ती केली होती. पुस्तकातल्यासारखं त्यात काही नाही, सगळं माझ्याशी बोलल्यासारखं आहे. 'पाणी चमच्याने घाल, वाटीने नको.' 'कळण्याची भाकरी थापताना कड फाटते, फाटू दे, बोटाने जोड.' 'घाबरू नको, गॅस बारीक कर आणि मग विचार कर.' त्या दिवसांत वही स्वयंपाकघरात असायची, आई शेडच्या दारात, आणि मधे अंगण. मी ओरडून विचारायचे, ती ओरडून सांगायची. ती शिंदखेड्याकडची, घाई झाली की अहिराणीत जायची.

त्या रविवारी तुमचे मुख्याध्यापक आणि त्यांच्या बाई जेवायला यायच्या होत्या. आधीच ठरलेलं होतं आणि आईचे दिवस नेमके आदल्या दिवशी आले. तुम्ही म्हणालात, "पोरगी करेल. त्यात काय?" मी डुबुकवड्या करायला घेतल्या, कारण मुख्याध्यापकांना त्या आवडायच्या. बेसनाचं पीठ सैल भिजवून उकळत्या मसालेदार रश्शात बोटांनी सोडायचं, इतकं ते सोपं. पण वहीची दोन पानं तेलाने एकमेकांना चिकटली होती. मी बेसन वाचलं एका पानावरचं आणि पाणी दुसऱ्या पानावरचं. पहिल्या चार वड्या सोडल्या आणि त्या रश्शात विरघळून गेल्या. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांचा आवाज यायला लागला होता.

"आई, वड्या राहत नाहीत."

"उकळनं का पानी, माय?"

"उकळलं. पीठच पातळ झालंय."

"थांब, आते टाकू नको. मांगलं पान देख."

"मागलं पान नाहीये."

मी रडायला लागले. आणि आई आली. अंगण ओलांडून, उंबऱ्याच्या आत. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने बोटाला थुंकी लावली, चिकटलेली पानं सुटी केली, मला दाखवलं, "हे बघ, इथं." मग डब्यातून मूठभर बेसन घेतलं, पिठात टाकलं, बोटांनीच फेटलं, गॅस मोठा केला, एक वडी सोडली. वडी बुडाली आणि वर आली. "बस. आता तू सोड," ती म्हणाली आणि परत गेली. सगळं मिळून दोन मिनिटं. जाताना तिने पदराने उंबरा पुसला. का पुसला, मला कळलं नाही. पायाचा ठसा उमटला होता, का नुसतीच भीती, मी आजही ठरवू शकलेली नाही.

जेवण उत्तम झालं. मुख्याध्यापकांनी दोनदा वड्या मागून घेतल्या. त्यांच्या बाई म्हणाल्या, "पोरीच्या हाताला चव आहे हो, सर." तुम्ही हसलात. ते गेल्यावर तुम्ही आरामखुर्चीत सुपारी कातरत होता. मी तुमच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, वड्या मी बिघडवल्या होत्या. आईने आत येऊन नीट केल्या."

या वाक्यावर मी फार वर्षं घालवली आहेत. मी स्वतःला सांगत आले की कौतुक माझं नव्हतं, ते ज्याचं त्याला मिळावं म्हणून मी बोलले. तुम्हीच शिकवलं होतं, फुकटची शाबासकी घेऊ नये. हे खरं आहे. पण नियम मला माहीत होता, हेही खरं आहे. अकरा वर्षांच्या मुलीला अंगण आणि उंबरा यातला फरक पुरता कळतो. मला वाटतं मला तुमच्याकडून आणखी एक शाबासकी हवी होती, खरं बोलल्याची. आणि त्यासाठी मी आईला पुढे केलं.

"वहीला हात लावला?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"पिठाला?"

"हो."

तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात. "तांब्याभर कोमट पाणी आण. मीठ घालून." मी आणलं. तुम्ही मोरीत गेलात, पाणी प्यायलात आणि घशात बोटं घातलीत. मी दाराशी उभी होते. तुमची पाठ वाकलेली, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. सगळं पोटातलं बाहेर काढलंत, अगदी शांतपणे, एखादं काम उरकावं तसं. तोंड धुतलंत, पुसलंत आणि मला म्हणालात, "आता तू." मी पाणी प्यायले. बोटं घातली. मला उलटी होईना. तुम्ही बाजूला उभे होता म्हणून मी नुसते आवाज काढले. मोरीपासून शेड दहा पावलं नव्हती. आईच्या ताटात त्याच वड्या होत्या, ती तेव्हा जेवत होती. तिने काय ऐकलं असेल ते मला मोजता येतं, कारण अंगण मला माहीत आहे. ती जेवायची थांबली नाही. ताट घासून पालथं घातलेलं मी नंतर पाहिलं.

मुख्याध्यापकांना तुम्ही कधी काही कळू दिलं नाहीत. त्यांच्या पोटात त्या वड्या राहिल्या आणि त्यांना काहीही झालं नाही.

तुम्ही आईला एक शब्द बोलला नाहीत. हे मी तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून किती वर्षं जपलं. आवाज नाही, हात उगारणं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलात आणि चौकटीच्या कामातून उरलेलं सागवान काढलंत. आई शेडच्या एका कोपऱ्यात बसलेली, तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात रंधा मारताय, ढलप्या उडताहेत, तिच्या घोंगडीपर्यंत जाताहेत. मला तुम्ही जवळ बोलावलंत, खतावणीने, त्या खुणेच्या हत्याराने, लाकडावर रेघ कशी मारायची ते दाखवलंत. मी दांडा धरला, तुम्ही कापलात. हाताच्या लांबीचं माप माझ्या हातावरून घेतलंत. "वही आता विटाळलीच आहे," तुम्ही मला समजावलंत, "कागद धुता येत नाही. पण लाकडाला काही होत नाही. तिने वही घोडीवर ठेवायची, तू दांडा धरून न्यायची. पान काडीने उलटायचं. म्हणजे कुणाची अडचण नाही." माझ्यापेक्षा हुशार माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी खूश होते, नाना. आई समोर बसली होती आणि मी खूश होते.

आता तुमच्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर हेही एकतर्फी भाषण होईल. घोडी आल्यावर वही त्या चार दिवसांत आईजवळ राहायला लागली. तिला दुसरं काम नसायचं, ती लिहायची. बिबडे, मांडे, गंगाफळाची भाजी, लोकांच्या घरी खाल्लेलं काय काय. वही जाड झाली ती त्यामुळेच. घोडी नसती तर आज अर्धी वही नसती. हे मी नाकारू शकत नाही आणि नाकारू शकत नाही याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते. पाचव्या दिवशी तुम्ही वहीवर गोमूत्र शिंपडायचात, दर महिन्याला, म्हणून पानापानावर पिवळे डाग आहेत.

तुमच्या पश्चात आई माझ्याकडे जळगावला आली तेव्हा सामानात घोडी होती. तिने ती न्हाणीघरात ठेवली आणि वर कपडे धुवायचं घमेलं उपडं घातलं. मी ते पाहून चिडले. "नानांची आठवण आहे ती आणि तू घमेल्याखाली घालतेस?" मी ती उचलून आणली, पॉलिश पेपरने घासली, तेल लावलं, बाहेरच्या खोलीत मांडली. पाहुण्यांना दाखवायला लागले. एकदा आईसमोरच एका बाईंना मी माझी ती गोष्ट सांगितली. त्या आईला म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही." आई शेंगा फोडत होती. तिने घोडीकडे पाहिलं. "हां," ती म्हणाली, "सांधा मजबूत शे." आणि पुढची शेंग फोडली. मी तिच्याकडे बघितलं नाही. आई जाईपर्यंत आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. ती बोलली नाही म्हणून मीही नाही, असं मी म्हणत आले. पण बोलायचं मी होतं.

पायरीवर बसले होते त्याच्या दुसऱ्या दिवशी भाची पुन्हा आली, काम कुठवर आलं ते बघायला. गच्चीवर गेली, नवी घोडी हातात घेतली, दांडा धरून डुलवली. "कसली क्यूट आहे. हा दांडा एवढा लांब कशाला पण?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हां, मसाल्याचे हात लागू नयेत म्हणून." मग वही उघडून मोबाइलने पानांचे फोटो काढायला लागली. "आत्या, बघ ना, आजीच्या हळदीचे डाग. किती गोड. लग्नाच्या पत्रिकेवर हेच पान टाकू का मागे? वर तुझी ती घोडीची गोष्ट." तिचं बोट एका डागावर होतं.

"ती हळद नाही," मी म्हटलं.

मग मी सांगितलं. शेड, चार दिवस, वड्या, मोरी, मिठाचं पाणी, दांडा कशासाठी, काडी कशासाठी, डाग कशाचे. तिने बोट पानावरून उचललं आणि जीन्सला पुसलं. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली असावी, तिने तेच बोट परत पानावर ठेवलं. "शी," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण आजोबा तर चांगले होते ना?"

"होते."

"मग?"

मी फळीवरचा भुसा हाताने झाडला. तिने विचारलं, "पण आजोबांना कळलं कसं? ते तर बाहेर पाहुण्यांत होते."

"पाहिलं असेल जाता-येता," मी म्हणाले.

बघा नाना. सगळं सांगितलं, तुम्हाला मोरीत वाकवून दाखवलं आणि माझ्यापाशी आल्यावर हात आखडला. तुमच्याबद्दल मला किळस वाटते हे खरं आहे, पण तुम्ही जे मानत होता ते निदान स्वतःच्या पोटावर करून दाखवलंत. मी खोटे आवाज काढले. तेव्हाही आणि परवाही.

दुसऱ्या दिवशी तासांच्या मधल्या सुट्टीत तिला फोन केला. म्हटलं, "आजोबांनी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं." पलीकडे स्टेशनातली अनाउन्समेंट ऐकू येत होती. "तू किती वर्षांची होतीस?" "अकरा." "अगं मग काय, लहान होतीस. जाऊ दे ना, आत्या." आणि लगेच, "घोडी करतेस ना पण? दांडा नको हं." इतकं सोपं. मला तिचा राग आला. नंतर वाटलं, तिने काय करायला हवं होतं? मला शिक्षा? माफी द्यायचा अधिकार जिचा होता ती शेंगा फोडत समोर बसली होती तेव्हा मी पाहुण्यांना चहा विचारत होते.

दांडा काढला तर घोडी उभी राहीना. सगळी रचनाच त्याच्यावर होती. मी दांडा कापून आखूड केला, फळी मागे कोसळली. तिरपा ठोकळा लावला, पुढे घसरली. यात मी काही अर्थ शोधत नाही, दोन पायांवर काही उभं राहत नाही, एवढंच. शेवटी ती फळी बाजूला टाकली आणि नवी कापली, मागे बिजागरीवर मिटणारा पाय लावला, बाजारात मिळतात तसला. खिळे नाहीत पण स्क्रू आहेत. तुम्ही पाहिलं असतंत तर भुवई वर केली असतीत. काडीची खाच ठेवली नाही. तुमची घोडी अजून शिकंज्याशेजारी पडली आहे. जाळावी असं दोनदा मनात आलं. सागवान आहे, जाळवत नाही. हेही तुमचंच शिक्षण.

हे सगळं डायरीत लिहिलं असतं, पण डायरीत मी स्वतःशी फार सांभाळून वागते. तुम्हाला लिहिताना तसं करता येत नाही, तुम्ही तिथे होता. कुठे पाठवायचं तर प्रश्नच नाही. धाकट्यालाही दाखवणार नाही.

काल रविवारी भाची घोडी न्यायला आली. ओट्यावर ठेवून तिने आईची वही तिच्यावर उघडली, झेरॉक्स नाही, वहीच. लांबून बघितली. "बरी आहे. आजोबांइतकी भारी नाही." "नाही," मी म्हटलं. ती हसली. पिशवी भरली, मग म्हणाली, "आत्या, कैरीचं लोणचं दे ना थोडं. तिकडे विकतचंच खायचंय." बरणी वरच्या फळीवर होती. मीठ, तेल, आम्ल. त्यात कुणाच्या हाताने काही नासत नाही, हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून समजावते, मुली खाली बघून हसतात, आणि मी त्यांना म्हणते, हसू नका, लिहून घ्या.

"तूच काढ," मी तिला म्हणाले. "माझे हात भुशाचे आहेत."

तिने स्टूल घेतलं, बरणी काढली, कोरड्या चमच्याने डबा भरला. मी बाजूला उभी राहून बघत होते. माझा दुसरा दिवस होता, नाना. हात मी केव्हाच धुतले होते.